सैनिकी दप्तरातील कोरा रकाना कोण भरणार?



दरवर्षी १ जानेवारीस भीमेच्या काठी कोरेगावच्या विजयस्तंभापुढे लाखो माणसे नतमस्तक होतात. स्तंभावर कोरलेल्या मृत सैनिकांच्या यादीत 'नाक' हा प्रत्यय असलेली आपल्या पूर्वजांची वीसहून अधिक नावे आहेत. ही नावे दोन शतके टिकली, ती कोणाच्या मेहरबानीने नव्हे. कोणी तरी ती प्रथम कागदावर लिहिली, मग दगडावर कोरली, म्हणून टिकली. त्या नावांच्या बळावर आपण जगाला ताठ मानेने सांगतो की, आम्ही लढवय्यांची लेकरे आहोत.

आमचा आपणांस सवाल असा आहे की, १८१८ सालच्या सैनिकाचे नाव दगडावर वाचण्यासाठी जो समाज शेकडो मैलांचा प्रवास करतो, त्याने आपल्याच आळीत राहणाऱ्या म्हाताऱ्या सैनिकाचे डिस्चार्ज बुक कधी उघडून पाहिले आहे काय? १९६५ ची लढाई, १९७१ ची लढाई पाहिलेली माणसे अद्याप आपल्यांत आहेत. जी गेली, त्यांच्या विधवा आहेत, मुले-नातवंडे आहेत. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी ते पुस्तक पडलेले असते. त्यात पदकांचा एक रकाना असतो. तो रकाना कित्येकांच्या बाबतीत अर्धा भरलेला असतो, आणि काहींच्या बाबतीत तर अगदी कोरा असतो. या कोऱ्या रकान्याबद्दल आज आम्हांस लिहावयाचे आहे.

कोणी म्हणेल, या क्षुल्लक गोष्टीसाठी एवढी शाई का खर्च करता? क्षुल्लक कशाला म्हणावे आणि महत्त्वाचे कशाला, हे ठरविण्यापूर्वी आपला इतिहास काय सांगतो ते पाहू.

मागितल्यावाचून मिळत नाही

कोरेगावची लढाई १८१८ ची. त्या लढाईचे पदक मात्र निघाले १८५१ साली. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात १८०३ ते १८२६ या काळात ज्या लढाया झाल्या, त्यांतील सैनिकांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' या नावाचे पदक त्या वर्षी मंजूर झाले, आणि त्याच्या फितीवर लावावयाच्या पट्ट्यांत एक पट्टी कोरेगावची होती. लढाईला तेव्हा तेहतीस वर्षे लोटली होती. ते पदक मिळाले जे जिवंत होते त्यांना. जे मधल्या काळात वारले, त्यांचा हक्क त्यांच्याबरोबर मातीत गेला. ज्यांना वाचता येत नव्हते, ज्यांच्यापर्यंत ती बातमी पोहोचलीच नसेल, त्यांचे काय झाले असेल याचा विचार आपणच करावा. सैनिकाने रक्त सांडावयाचे रणांगणावर, आणि त्याचा मोबदला ठरावयाचा कचेरीत, तोही ज्याचा अर्ज हातात असेल त्याच्यापुरता, ही रीत इतकी जुनी आहे.

पुढे १८९२ च्या सुमारास आपल्या लोकांची सैन्यभरती बंद करण्यात आली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स याच्या काळात 'लढवय्या जाती' आणि 'बिनलढवय्या जाती' असा एक भेद सरकारी दप्तरात उभा राहिला, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी पलटणींत हयात घालविली, ते एका फटकाऱ्यासरशी 'बिनलढवय्ये' ठरले. पहा, तलवारीने कोणी आपणांस हरविले नाही, कागदाने हरविले!

त्या अन्यायाविरुद्ध पहिला आवाज कोणी उठविला? गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने. १८९४ साली त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांकडे जो अर्ज तयार केला, त्यात आपल्या लोकांच्या पूर्वीच्या सेवेचा दाखला देऊन भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. त्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्याकडे अर्ज पाठविला. या दोघांनी दयेची याचना केली नाही. आमचे पूर्वज अमक्या पलटणीत होते, अमक्या लढाईत होते, हे सत्य त्यांनी पुढे ठेवले. त्यांचे शस्त्र होते नोंद. पहिल्या महायुद्धाच्या ऐन भरात, १९१७ साली, सरकारला माणसांची निकड पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडलीही गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ साली राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले, त्यांनी आपल्या लोकांच्या स्वतंत्र पलटणीची मागणी लावून धरली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण १९४२ साली कामठीस उभी राहिली.

१८९२ ते १९४१ हा एकोणपन्नास वर्षांचा लढा मुख्यतः अर्जांचा, दाखल्यांचा आणि नोंदींचा लढा होता. ज्या समाजाने हा लढा जिंकला, त्यानेच आज आपल्या सैनिकांच्या नोंदींकडे पाठ फिरवावी, ही गोष्ट आम्हांस सहन होण्यासारखी नाही.

आष्टीचा दाखला

आता वर्धा जिल्ह्यातील आष्टीकडे या. १६ ऑगस्ट १९४२ या दिवशी 'चले जाव'च्या चळवळीत आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोकांचा मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसे पडली. त्याच दिवशी चिमुरासही उठाव झाला. पुढे खटले चालले, फाशीच्या शिक्षा फर्माविल्या गेल्या, आणि 'आष्टी-चिमूर' हे जोडनाव देशभर गाजले. आजही त्या गावाला लोक आष्टी शहीद म्हणून ओळखतात. त्या हुतात्म्यांपुढे आमचेही मस्तक नम्र आहे.

परंतु अशा गावात एक विचित्र अडचण उभी राहते. ज्या वर्षी आष्टीत लोकांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध प्राण दिले, त्याच वर्षी कामठीस महार रेजिमेंटची दुसरी पलटण इंग्रजी निशाणाखाली उभी राहत होती. ज्याला महायुद्धाचे 'वॉर मेडल' म्हणतात, ते पदक मंजूर झाले १६ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे आष्टीच्या गोळीबाराला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी! हा निव्वळ योगायोग. पण या योगायोगावर बोट ठेवून कोणीही म्हणू शकेल की, 'ही तर गुलामीची पदके! ती मागावयास लाज कशी वाटत नाही?' आणि हा टोमणा ऐकून सैनिकाच्या घरची माणसे पदकांची पेटी मागे सरकवितात.

या टोमण्याला आमचे उत्तर सरळ आहे. ज्या समाजाला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यातील तरुणाने सैन्यात जाऊन गणवेश, पगार, शिक्षण आणि बरोबरीची वागणूक मिळविली, तर त्याने कोणाची गुलामी पत्करली? तो गुलामीतून बाहेर पडत होता. शिवाय ते युद्ध हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाविरुद्धचे आणि आशियात चाल करून येणाऱ्या जपानी लष्करशाहीविरुद्धचे युद्ध होते. जन्माने माणूस श्रेष्ठ वा नीच ठरतो, या मताविरुद्ध लढण्याचा अधिकार आपल्याहून अधिक कोणाला होता? हुतात्मा आणि सैनिक हे दोघे एकाच मातीतले. एकाचे नाव स्मारकावर आहे म्हणून दुसऱ्याचे नाव दप्तरातून पुसले जावे, असे स्वतः हुतात्म्यानेही म्हटले नसते.

आणि आष्टीच्या लोकांना नोंदीची किंमत आम्ही सांगण्याची गरज नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्यास प्रारंभ केला. तेव्हा काय मागितले? तुरुंगवासाचा दाखला. सामान्यतः सहा महिन्यांचा कारावास कागदाने सिद्ध करावा लागे. ज्याच्याजवळ कागद होता, तो स्वातंत्र्यसैनिक ठरला. ज्याच्याजवळ नव्हता, त्याने कितीही लाठ्या खाल्ल्या असोत, तो दारात उभा राहिला. जो नियम स्वातंत्र्यसैनिकाला लागू पडला, तोच सैनिकालाही लागू आहे. सरकार आठवण ओळखत नाही, कागद ओळखते.

पदके गहाळ होतात कशी?

सैनिकाचे पदक नोंदीत आले नाही, याचा अर्थ ते कोणी चोरले असा नव्हे. बहुधा ते कागदांच्या फेऱ्यात अडकलेले असते. याची कारणे समजून घ्या, म्हणजे रागाचे बळ वाया जाणार नाही.

पहिले कारण हे की, पदक हे लढाईनंतर निघते. महायुद्ध संपल्यावर १९४५ साली वॉर मेडल निघाले, १९४६ साली इंडिया सर्व्हिस मेडल निघाले, आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी सैन्यात असलेल्यांसाठीचे स्वातंत्र्य पदक १९४८ साली निघाले. तोवर हजारो सैनिक सुटून घरी आले होते. जो सैनिक नांगराला जुंपला गेला, त्याला गावी बसून काय कळणार?

दुसरे कारण बदलीचे. सैनिक एका तुकडीतून दुसरीत गेला, की जुनी तुकडी समजते नवी तुकडी त्याचे नाव पाठवील, आणि नवी समजते जुनीने पाठविले असेल. तिसरे कारण इस्पितळाचे. जखमी वा आजारी सैनिक तुकडीपासून दूर पडला, की यादी तयार होताना तो डोळ्यांसमोर नसतो. चौथे कारण असे की, सैन्यात सैनिकाच्या बाबतीतली प्रत्येक गोष्ट 'पार्ट टू ऑर्डर' या आदेशाने प्रसिद्ध होते, आणि मग ती त्याच्या 'शीट रोल'वर चढते. आदेश निघालाच नाही, किंवा निघूनही शीट रोलवर चढला नाही, तर पदक हातात असूनही नोंदीत नसते. पाचवे कारण नावाचे. कारकुनाने ऐकले तसे नाव लिहिले. गावी ते वेगळे, शाळेच्या दाखल्यावर वेगळे, आधार कार्डावर आणखी वेगळे.

नावाच्या बाबतीत आपल्या घरांना विशेष सावध राहिले पाहिजे. धर्मांतरानंतर पुष्कळांनी आपली नावे व आडनावे बदलली, आणि ते योग्यच केले. पण जुन्या शीट रोलवर जुने नाव आहे. ते खोडून नवे लिहा, असा हट्ट धरू नका. जुने नाव हाच सेवेचा पुरावा आहे. जुने नाव धारण करणारी आणि नवे नाव धारण करणारी व्यक्ती एकच आहे, हे राजपत्रातील प्रसिद्धीने अथवा प्रतिज्ञापत्राने सिद्ध करा आणि तो कागद अर्जाला जोडा.

कोणती पदके मागावी?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जे मिळविले तेवढेच मागावे. बाजारात पदकांच्या नकला विकत मिळतात. त्या विकत घेऊन छातीवर लावणारा मनुष्य खऱ्या सैनिकाचा अपमान करतो आणि चौथे शील मोडतो. मृषावादापासून विरत राहण्याचे व्रत ज्याने घेतले, त्याने न लढलेल्या लढाईचे पदक मागू नये, आणि लढलेल्या लढाईचे सोडूही नये. दोन्हींत सत्याशी प्रतारणा आहे.

महायुद्धातील सैनिकाने ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात अठ्ठावीस दिवस नोकरी केली असेल, तर तो वॉर मेडलचा हक्कदार. त्या काळात जो ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर गेला, तो बर्मा स्टारचा हक्कदार. देशात तीन वर्षे सेवा करणाऱ्यांसाठी इंडिया सर्व्हिस मेडल होते. १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेसाठी 'जम्मू आणि काश्मीर' पट्टीचे जनरल सर्व्हिस मेडल आहे. १९६५ साठी रक्षा मेडल, आणि प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांसाठी समर सेवा स्टार. १९७१ साठी संग्राम मेडल, आणि आघाडीप्रमाणे पूर्वी स्टार अथवा पश्चिमी स्टार. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो सेवेत होता त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक. याखेरीज नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके आहेत. कारगिलसाठी १९९९ ची 'ऑपरेशन विजय'ची पदके आहेत.

आता हिशेब करून पहा. समजा, आष्टी तालुक्यातील एक तरुण जानेवारी १९६४ मध्ये भरती झाला आणि नऊ वर्षे पुरी करून १९७३ साली घरी आला. तो आघाडीवर एक दिवसही गेला नाही, असे धरून चला. तरीही १९६५ चे रक्षा मेडल, १९७१ चे संग्राम मेडल, १९७२ चे पंचविसाव्या वर्षाचे पदक आणि नऊ वर्षांच्या सेवेचे पदक, ही चार पदके त्याच्या नावावर असावयास हवीत. त्याच्या पुस्तकात एकच असेल, तर उरलेल्या तिन्हींबद्दल विचारणे हा त्याचा हक्क आहे. हा हिशेब चौथी शिकलेल्या मुलालाही करता येतो. मग आपल्या घरांतील पदवीधर मुले तो का करीत नाहीत?

'त्याने पोट भरते काय?'

सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. 'धातूच्या तुकड्याने पोट भरते काय?' आम्ही खोटी आशा दाखविणार नाही. मोहिमेच्या पदकाबरोबर पैसे मिळत नाहीत. पैसे मिळतात ते शौर्यपदकांबरोबर. परंतु मोहिमेचे पदक नोंदीत असणे म्हणजे हा सैनिक त्या मोहिमेच्या वेळी सेवेत होता, याची सरकारने दिलेली कबुली होय. युद्धात जखमी झालेल्याचे निवृत्तिवेतन साध्या अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाहून अधिक असते. आपण युद्धक्षेत्रात होतो हे ज्याला सिद्ध करता येत नाही, त्याची जखम साधी ठरते. विधवेच्या अर्जाच्या वेळी, सवलतीच्या वेळी, नावाच्या तपासाच्या वेळी, पुन्हा पुन्हा तीच नोंद लागते. पदक ताटात भाकरी वाढीत नाही, हे खरे. पण ज्या दप्तरातून भाकरी येते, त्या दप्तराची ती किल्ली आहे.

आणि क्षणभर पैसा बाजूला ठेवा. मनुस्मृतीने आपणांस कोणता दंड दिला होता? संपत्ती बाळगावयाची नाही, शस्त्र धरावयाचे नाही, नाव तुच्छतादर्शक असावे. ज्या माणसाने शस्त्र धरले, ज्याचे नाव, क्रमांक आणि हुद्दा देशाने पदकाच्या कडेवर कोरला, त्याने तो सारा दंड एका झटक्यात झुगारून दिला आहे. ते पदक घरात यावे की न यावे, हा प्रश्न पोटाचा नाही म्हणून सोडून द्यावयाचा असेल, तर मग महाडच्या तळ्याचे पाणी तरी आपण तहान लागली म्हणून प्यालो होतो काय?

काळ आपल्या विरुद्ध आहे

आता सर्वांत निकडीची गोष्ट. जे सैनिक निवृत्तिवेतन न मिळविता बाहेर पडले, त्यांचे सेवेचे कागद सैन्याच्या नियमाप्रमाणे पंचवीस वर्षे ठेवतात, आणि मग नष्ट करतात. राहते ती फक्त 'लाँग रोल' नावाची नोंदवही. सामान्य शिपायाला निवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. तेवढी न भरलेले कित्येक सैनिक आहेत. १९४६ साली सुटलेल्याची मुदत १९७१ साली संपली. वर दिलेल्या उदाहरणातील सैनिकाची १९९८ साली संपली. २००५ साली बाहेर पडलेल्याची २०३० साली संपेल.

याचा अर्थ उमजला काय? एकीकडे सरकार कागद जाळते, आणि दुसरीकडे अर्जदाराला सांगते, कागद आणा! हा न्याय नव्हे, आणि या नियमाविरुद्ध बोलले पाहिजे. सैनिकाला न कळविता, त्याची पदके त्याला पोहोचली की नाहीत हे न पाहता, त्याचे कागद नष्ट करण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीला असू नये. नष्ट करण्यापूर्वी त्याची एक प्रत त्याच्या घरी धाडावी, एवढी मागणी आपल्या प्रत्येक सभेने ठराव करून सरकारकडे पाठवावी. परंतु नियम बदलेपर्यंत हात जोडून बसू नका. तोवर घरातले डिस्चार्ज बुक हाच एक पुरावा आहे, आणि तो वाळवीच्या, पुराच्या आणि आपल्या निष्काळजीपणाच्या तोंडी आहे.

काय करावे?

म्हणून आमचे सांगणे येणेप्रमाणे आहे.

एक. डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतनाचा आदेश यांच्या प्रत्येक पानाच्या दोन प्रती काढा. मूळ पुस्तक कोणाच्याही हाती देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा एजंट असो.

दोन. भरतीची तारीख, सुटण्याची तारीख आणि मधल्या काळातील तुकड्या एका कागदावर लिहा. त्यापुढे मोहिमांच्या तारखा मांडा. कोणते पदक राहिले ते आपोआप दिसेल.

तीन. आपल्या रेजिमेंटच्या अथवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. सर्वच जण त्या रेजिमेंटात नव्हते, हे ध्यानात ठेवा. गार्ड्सचे केंद्र कामठीस, तोफखान्याचे नाशिक रोडला, मुंबई सॅपर्सचे खडकीस, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावास, सिग्नल्सचे जबलपुरास, वैद्यकीय कोअरचे लखनौस आहे. अर्जात क्रमांक, हुद्दा, नाव, तारखा आणि राहिलेली पदके लिहा. भाषा नम्र असावी, पण याचनेची नसावी. 'कृपा करून पदक द्यावे' असे लिहू नका. 'माझ्या सेवेच्या नोंदीत अमुक पदकाची नोंद नाही, ती तपासून दुरुस्त करावी' असे लिहा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

चार. वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिक आणि त्यांची विधवा यांच्यासाठीच ते कार्यालय आहे. अर्ज पुढे पाठविण्यास त्यांचे साहाय्य घ्या. आष्टीहून वर्ध्याला जाण्यात एक दिवस मोडेल, मजुरी बुडेल, हे आम्ही जाणतो. म्हणून एकेकट्याने जाऊ नका; चार-पाच घरांचे कागद गोळा करून एका शिकलेल्या तरुणाला पाठवा.

पाच. उत्तर आले नाही, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने अर्ज करा. दहा रुपये फी आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर यावयास हवे. आपल्या शीट रोलची प्रत आणि पदकांबाबतच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागा. 'कागद नष्ट केले' असे उत्तर आले, तर कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने नष्ट केले, ते विचारा, आणि लाँग रोलमधील नोंदीची प्रत मागा. समाधान न झाल्यास तीस दिवसांच्या आत पहिले अपील करा, आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे.

सहा. एवढ्यानेही भागले नाही, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचे एक पीठ मुंबईस आहे. तेथे जाण्यापूर्वी आपण अर्ज केला होता हे दाखवावे लागते. अर्ज करून सहा महिने उत्तर न आल्यास त्यापुढील सहा महिन्यांत दाद मागता येते. म्हणूनच टपालाची ती पावती आम्ही जपावयास सांगितली.

सात. प्रत्येक वस्तीने आपल्या सैनिकांची एक वही ठेवावी. नाव, क्रमांक, रेजिमेंट, भरती, सुटका, मिळालेली पदके, राहिलेली पदके. शंभर पानी वहीला असा किती खर्च येतो? ज्यांचे सैनिक वारले त्यांचीही नावे त्यात यावीत, कारण १८५१ च्या पदकासारखी आजची स्थिती नाही; आज वारसही अर्ज करू शकतो.

आया-बहिणींना

शेवटी आया-बहिणींना दोन शब्द. घरात ट्रंकेची किल्ली तुमच्याजवळ असते. सैनिक वारला की त्याचे कागद जुन्या कपड्यांबरोबर, जुन्या वह्यांबरोबर रद्दीत जातात. हे थांबविणे तुमच्याच हाती आहे. तुमचा नवरा वा सासरा कोणत्या गावी होता, कोणत्या साली पत्र आले, कोणत्या इस्पितळात पडला होता, हे तुम्हांस आठवते. ते मुलाकडून लिहून घ्या. कचेरीच्या दप्तरात जे नाही, ते पुष्कळदा तुमच्या स्मरणात आहे, आणि त्यावरूनच तुकडीचा शोध लागतो. अर्जावर अंगठा उठवावा लागला तर लाजू नका. वाचता येत नसेल, तर अर्जातील प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेतल्यावाचून अंगठा देऊ नका.

येत्या १ जानेवारीला जे कोरेगावास जातील, त्यांनी जरूर जावे. पण निघण्यापूर्वी आपल्या आळीतील एका सैनिकाचे डिस्चार्ज बुक उघडून त्याचा अर्ज टपालात टाकावा, आणि मगच गाडीत बसावे. ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनी घरी बसून दोन अर्ज लिहावेत.